मोर्चा खिडकीखाली येईपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडावर तिच्या नवऱ्यानं वरवंटा घातला, तेव्हा मी खाली रस्त्यावर घसा बसेपर्यंत घोषणा देत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. लोक आता त्या दिवसांबद्दल बोलताना छाती फुगवून बोलतात, आणि बोलावंच, मी पण बोलते. पण त्या दिवसांचं नाव काढलं की मला आधी वरवंटा दिसतो. माझा इलाज नाही त्याला.

आमची चाळ काळाचौकीला. सगळी कोकणातली माणसं, बहुतेक सगळी गिरणीत. खोलीचं दार आतल्या चौकाकडच्या गॅलरीत उघडायचं आणि खिडकी रस्त्यावर. ताईला आमच्याच चाळीत दिली होती, आमच्या वरच्या मजल्यावर. तेव्हा सगळ्यांनी आईला म्हटलं होतं, नशीब काढलंस, लेक डोळ्यांसमोर राहील. डोळ्यांसमोर राहिली खरी. जिन्यावरून उतरताना गालावरचे वळ पदरानं झाकायची, तेही डोळ्यांसमोरच.

मूल नव्हतं. म्हणून भावोजींच्या, म्हणजे त्या माणसाच्या (भावोजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही) डोक्यात दुसरं लग्न भरलं. गावाकडे मुलगी बघून ठेवली होती. पण पहिली जिवंत असताना दुसरी करायला कायद्यानं बंदी आली होती. मग ताईच्या मागे लकडा सुरू झाला, सोडचिठ्ठी दे, खुशीनं दे. ताई म्हणाली, मी काय केलंय म्हणून देऊ? आमची ताई हळू बोलायची, पण एकदा नाही म्हटलं की नाही. तो मारायचा आणि ती नाही म्हणायची. असं वर्षभर चाललं होतं.

त्या दिवशी हरताळ होता. गिरण्या बंद, दुकानं बंद. लालबागकडून मोठा मोर्चा येणार म्हणून सकाळपासून चाळीत लगबग. ताई आणि मी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होतो, तर खात्यातल्या आम्ही सगळ्या बायका मोर्चात जायचं ठरलं होतं. मी ताईला हाक मारायला वर गेले. तो दारात उभा होता. म्हणाला, तिचं डोकं दुखतंय, ती नाही येत. मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं, ताई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. मी गेले.

मोर्चा आमच्या चाळीखाली आला तेव्हा काय आवाज होता तो! रस्ता माणसांनी भरलेला आणि वर प्रत्येक खिडकीत माणसं. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' असं खालून कुणी ओरडलं की 'झालाच पाहिजे' असं वरून उत्तर यायचं, आणि भिंती हादरायच्या. मी मान वर करून आमच्या खिडक्या बघत होते. आमच्या खिडकीत आई होती. तिच्या वर ताईची खिडकी, ती बंद होती. शेजारच्या खिडकीत ताईची शेजारीण अर्धी बाहेर वाकून हात उडवत होती. पुढच्या नाक्यावर पोलीस उभे होते. थोड्याच वेळात तिथे अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि आम्ही सगळ्या डोळे चोळत, एकमेकींना ओढत परत फिरलो. मागून लाठ्यांचा आवाज येत होता, माणसं चपला टाकून पळत होती.

मी चाळीत शिरले तर चौकात वेगळीच आरडाओरड. वरच्या मजल्यावरच्या दोघा भावांनी ताईचं दार लाथा घालून तोडलं होतं. मोर्चा पुढे गेला, आवाज उतरला, तेव्हा शेजारणीला भिंतीपलीकडून काहीतरी ऐकू आलं. ती म्हणते, मला वाटलं मांजर. दार तोडलं तेव्हा तो बादलीतल्या पाण्यानं हात धूत होता. वरवंट्याला ताईचे केस चिकटलेले होते. तांदूळ सगळीकडे सांडले होते आणि ते लाल झाले होते. खालचा जबडा एका बाजूला गेला होता, म्हणजे तोंड तोंडाच्या जागीच नव्हतं. मी किंचाळले की नाही आठवत नाही. एवढं आठवतं की त्या दोघा भावांनी त्याला धरून ठेवलं होतं आणि मी त्याच्या दंडाला चावले. रक्त येईपर्यंत चावले. शेवटी गावकारांनी मला केसांना धरून मागे ओढलं.

गावकार म्हणजे आमच्या चाळीतले वयानं मोठे, गावाकडच्या देवळातला मान असलेले. आमच्या चाळीत भांडण झालं की कुणी पोलिसात जात नसे. गावकी बसायची. देवासमोर दिवा लावायचा, नारळ ठेवायचा आणि गुन्हेगाराला विचारायचं, कबूल आहेस का? कबूल केलं तर त्याची मान खाली. मग दंड होई, माफी मागणं होई, आणि विषय मिटे. कबूल नाही केलं तर वाळीत. पिढ्यान्‌ पिढ्या हेच. कबूल होणं ही आमच्याकडे फार मोठी गोष्ट. कबूल झालेल्या माणसाला सगळ्यांसमोर नाक घासावं लागे, त्याहून मोठी शिक्षा काय, असं सगळ्यांना वाटे. हे नीट लक्षात ठेवा, कारण घोळ पुढे ह्याच्यानंच झाला.

पण त्या दिवशी रक्त बघून गावकारांनीच पोलीस बोलावले. ते मी नाकारत नाही.

परळच्या हॉस्पिटलात तेव्हा खाटा कमी आणि जखमी जास्त. जमिनीवर गाद्या टाकलेल्या. लाठीमारातली माणसं, गोळी लागलेली माणसं, त्यांच्या बायका भिंतीला टेकून रडताहेत. त्यातच ताई. डॉक्टरांनी जबडा तारेनं बांधला. दुसऱ्या दिवशी चळवळीतली काही माणसं जखमींना भेटायला आली, हार, फळं घेऊन. एकानं ताईच्या गळ्यात हार घातला आणि हात जोडून म्हणाला, माऊली, तुमचं रक्त वाया जाणार नाही. तोंड तारेनं बांधलेलं, ती काय सांगणार? तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी यायला लागलं. मी तो हार ओढून काढला. म्हटलं, "अहो, पोलिसांनी नाही मारलं हिला. नवऱ्यानं मारलंय, नवऱ्यानं!" तो माणूस चांगला होता बिचारा. तो हार हातात घेऊन तसाच उभा राहिला.

ताईला आमच्या खोलीत आणलं, खूप दिवस आईनं तिला चमच्यानं पेज भरवली. तार काढली तेव्हा एका बाजूचे दात गेलेले, एक कान कायमचा बंद आणि बोलायला लागली की ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. आरशात बघायची नाही. रात्रंदिवस दाराला कडी घालून बसायची, आम्ही घरात असलो तरी. कुणी जिन्यावरून जोरात चढलं की भिंतीला चिकटायची. तो कोठडीत आहे, हे दहादा सांगितलं तरी तिच्या अंगाला ते पटत नव्हतं.

एकदा मी भात वैरत होते, तेव्हा मागून म्हणाली, "तेणा वाट बघल्यान गो."

मी वळले. तिनं हळूहळू सगळं सांगितलं. मी दारातून परत गेल्यावर त्यानं आतून कडी घातली. मोरीतला वरवंटा उचलून खिडकीच्या चौकटीत ठेवला. हिला वाटलं, वाऱ्यानं खिडकी आपटू नये म्हणून ठेवला असेल. मग तो खिडकीत उभा राहिला. उभाच राहिला. मोर्चा लांबून ऐकू येत होता. मोर्चा अगदी खिडकीखाली आला, सगळी चाळ ओरडायला लागली, तेव्हा त्यानं खिडकी लावली, आणि मग वरवंटा उचलला.

माझ्या हातातले तांदूळ तिथेच राहिले. अहो, त्या आवाजात माझापण आवाज होता! ताई वर किंचाळत होती आणि मी खाली 'झालाच पाहिजे' म्हणत होते.

ताईला कोर्टात हेच सांगायचं होतं. राग आला म्हणून मारलं नाही, त्यानं वाट बघितली. खुनाच्या प्रयत्नाचा खटला होता. तपासणाऱ्या इन्स्पेक्टरनं सांगितलं होतं, बाई नीट बोलल्या तर तो बरीच वर्षं बाहेर येत नाही. ताईच्या जिवाचा प्रश्न होता तो, साधा सरळ. तो लवकर बाहेर आला तर ती अजून त्याची बायको होती, आणि त्याला अजून दुसरं लग्न करायचं होतं.

म्हणून ती सराव करायची. दुपारी गिरणीची पाळी संपवून मी आले की आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी वकील व्हायचे, ती साक्षीदार. एकेक शब्द तोंडातल्या तोंडात फिरवून ती बाहेर काढायची. सुरुवातीला हातात रुमाल घ्यायची. मग एक दिवस रुमाल बाजूला टाकला. म्हणाली, पुसत बसले तर लोक माझी लाळ बघतील, मला काय सांगायचंय ते ऐकणार नाहीत. गळू दे मेली. तिनं 'मेली' म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो. त्या काळात आम्ही तेवढंच हसलो असू.

खटल्याच्या आदल्या दिवशी गावकार आले. चेहरा फुललेला. त्याच्या वकिलानं निरोप पाठवला होता, आरोपी उद्या गुन्हा कबूल करणार आहे. साक्षीदारांनी उगाच खाडा करू नये.

"कबूल होता हा तो!" गावकार बाबांना म्हणाले. "मगे आणि काय व्हया?"

चाळीत साखर वाटली, खरं सांगते. दार तोडणारे दोघे भाऊ, शेजारीण, स्वतः गावकार, सगळे दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर गेले. बाबासुद्धा गेले. कुणाच्या मनात पाप नव्हतं. ज्या माणसानं कबूल केलं त्याच्याविरुद्ध साक्ष कशाला द्यायची, हे त्यांना कळतच नव्हतं. आमच्या गावकीत कबुलीनंतर कुणी साक्ष दिल्याचं कुणी बघितलंच नव्हतं.

फक्त समोरच्या चाळीतली माझी खात्यातली मैत्रीण आली. त्यांच्या घरातले जुने देव नुकतेच जाऊन बुद्धाची तसबीर आली होती, आणि घरात कोर्टकचेरीचं बोलणं नेहमीचं. निरोप ऐकून ती म्हणाली, "कबूल काय केलं ते बघा आधी. तुमची माणसं बिनघोर कशी काय बसली, मला कळत नाय." तिचं कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा म्हटलं, तू गप्प बस गं. ती गप्प बसली, पण खाडा करून आमच्याबरोबर आली.

कोर्टात सगळं इंग्रजीत. आई, ताई, मैत्रीण आणि मी बाकावर. ताईनं नवं लुगडं नेसलं होतं, मान ताठ. तो पिंजऱ्यात उभा, दाढी केलेला, हात जोडलेले. त्याच्या वकिलानं सरकारी वकिलाशी वाकून काही बोलणं केलं. सरकारी वकिलानं मागे वळून साक्षीदारांची बाकं बघितली. आम्ही चौघी बायका सोडल्या तर बाकं रिकामी. त्यानं खांदे उडवले. मग काय काय वाचलं गेलं, आणि त्याला विचारलं, आणि तो म्हणाला, "गिल्टी."

तेवढा एक शब्द आम्हाला माहीत होता. आईनं माझा हात दाबला. देवा, आईच्या तोंडावर हसू आलं होतं.

आणि मग संपलं! आम्हाला वाटत होतं, आता सुरू होईल. ताई उठून उभी राहिली, तिला वाटलं आता आपल्याला बोलावतील. कोर्टातल्या शिपायानं तिला हातानं बसायची खूण केली. मी कारकुनाला विचारलं, हिची साक्ष कधी? तो म्हणाला, "साक्षीची गरज नाही बाई. आरोपीनं जबर दुखापत कबूल केली. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप सरकारनं मागे घेतला. रागाच्या भरात हाताला लागलं ते मारलं. आणि बायकोला पुन्हा नांदवायला तयार आहे म्हणतो, म्हणून साहेबांनी शिक्षा कमी दिली."

किती कमी? इतकी कमी की पुढच्या गणपतीला तो बाहेर असणार होता.

नांदवायला तयार आहे! तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. वाट बघितली त्याचं काय? कडी घातली त्याचं काय? ते कुणी विचारलंच नव्हतं, कुठल्या कागदावर आलंच नव्हतं. ताई अजून उभीच होती. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय, आणि बोलायला कुणी सांगत नाही.

बाहेर व्हरांड्यात शिपाई त्याला घेऊन जात होते. आमच्यासमोरून जाताना तो थांबला आणि ताईला अगदी गोड आवाजात म्हणाला, "तयारी करून ठेव. सुटलंय की न्हेवक येतंय."

मी चप्पल काढली आणि फेकली. त्याला लागली नाही, शिपायाची पिवळी टोपी उडाली. दुसऱ्या शिपायानं माझा हात पिरगाळला, आई रडत त्याच्या पाया पडायला लागली. मी ओरडत होते, मुडदा बशिवला तुझा, मी मारीन तुला! माझी मैत्रीण मधे पडली, तिनं शिपायाला काही सांगून मला सोडवलं.

चाळीत कळलं तेव्हा आधी कुणाला पटेना. गावकार म्हणाले, कबूल झाला ना? मी म्हटलं, "झाला! अर्धं कबूल झाला! आणि तुम्ही साखर खाल्लीत!" वडीलधाऱ्या माणसाला असं बोलल्याबद्दल बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. मारून स्वतःच डोकं धरून खाली बसले.

पुढच्या रविवारी चाळीतली माणसं ठाकूरद्वारला एका वकिलांकडे गेली. मीही गेले. सभ्य माणूस, शुद्ध बोलणारे. त्यांनी समजावलं, "असं होतं. आरोपी कमी गुन्हा कबूल करतो, सरकार मोठा आरोप सोडून देतं. खटला लांबत नाही, कोर्टाचा वेळ वाचतो."

"आणि माझ्या बहिणीचं बोलणं?" मी विचारलं.

ते म्हणाले, "साक्ष झालीच नाही, त्यामुळे ते कुठे नोंदलेलं नाही. अपील करायचं तर सरकारनं करायचं. तुम्हाला करता येत नाही."

दार तोडणारा थोरला भाऊ तिथेच रडायला लागला. म्हणाला, वकीलसाहेब, दाराला आतून कडी होती, मी स्वतः तोडली, मी आता सांगतो. वकील म्हणाले, आता कुणाला सांगणार?

आणि ही गोष्ट आमच्या चाळीपुरती राहिली नाही. महिन्याभरात लालबागला हातभट्टीच्या एका दादानं भर रस्त्यात एकाच्या पोटात सुरा खुपसला आणि तोही तसाच कमी गुन्हा कबूल करून थोडक्यात सुटला. त्याच सुमाराला चाळीतल्या भांडणांत नवं बोलणं ऐकू यायला लागलं. दारू पिऊन आलेला नवरा बायकोला म्हणायचा, "जास्त बोलू नको, वरवंटा घालीन. काय होतंय? कबूल होईन." हसत म्हणायचे काही जण. पाण्याच्या नळावर बायका एकमेकींना हे सांगायच्या तेव्हा कुणी हसत नसे. एकीनं आपला वरवंटा शेजारणीकडे ठेवायला दिला. वाटण वाटायचं तेवढं मागून आणायची.

ताईच्या नवऱ्याच्या मामानं गावाहून निरोप पाठवला, सुटल्यावर बायकोला न्यायला येतो, गावकीनं सोबत द्यावी. बाबा डळमळले. कायद्यानं नवरा आहे, कबूल झालाय, शिक्षा भोगलीय. आईनं भाकरीचं पीठ मळता मळता सांगितलं, "तिका थंय धाडशात तर आधी माजी तिरडी बांधा." बाबा गप्प झाले. पण गप्प झाले म्हणजे ठरलं असं नव्हतं, हे ताईलाही कळत होतं. तिनं जेवण टाकलं.

गणपती आले. चौकात चाळीचा गणपती बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आरती झाली, आणि तो आला. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, हातात नारळ, बरोबर मामा. चौक भरलेला होता, पण सगळे बाजूला सरले आणि त्याला वाट मिळाली. त्यानं देवासमोर नारळ ठेवला, साष्टांग नमस्कार घातला आणि हात जोडून उभा राहिला. आमच्या रीतीप्रमाणे आता गाऱ्हाणं होणार. गावकारांनी देवाला सांगायचं आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तेवढं म्हटलं की मिटलं. देवासमोर ठेवलेला नारळ कधी परत जात नाही.

गावकारांनी हात जोडले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुज्यासमोर नारळ ठेवल्यान हा. जी काय चूक झाली आसात..."

"चूक नाय."

सगळ्यांनी वळून बघितलं. ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. कोर्टाचा तो दिवस सोडला तर चाळीत तिला कित्येक महिन्यांत कुणी घराबाहेर बघितलं नव्हतं. ती खाली उतरली आणि गावकारांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाईनं गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत नाही. गावकार काही म्हणतील असं मला वाटलं. ते एक पाऊल बाजूला झाले.

तिनं हात जोडले नाहीत. लाळ गळत होती, ती पुसली नाही. देवाकडे बघून बोलायला लागली, एकेक शब्द, आम्ही सराव केला होता तसा.

"त्या दिवशी गिरणी बंद होती. मी तांदूळ निवडत होतंय. ह्यान दाराक आतून कडी घातल्यान."

दार तोडणारा थोरला भाऊ म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"ह्यान वरवंटो आधीच खिडकीत आणून ठेवल्यान. आणि खिडकीत उबो रवलो. मोर्चो येवची वाट बघी होतो."

तो मान खाली घालून उभा होता, त्याचे कान लाल झाले होते.

"मोर्चो खिडकीखाली इलो, तेवा ह्यान खिडकी लावल्यान."

ताईची शेजारीण एकदम मोठ्यानं रडली. "व्हय गो बाय! मी बघलंय खिडकी लावताना! माका वाटला, धुरळो आत येता म्हणान लावता हा! व्हय म्हाराजा!"

"मगे माका मारल्यान. मी आरडलंय. तुमका कोणाक आयकाक इला नाय. तुमी सगळे आरडत होतात."

गावकारांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्या दिवशी ते खालच्या मजल्यावर आमच्या शेजारच्या खिडकीत होते आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा होता. ते म्हणाले, "व्हय म्हाराजा." एवढंच, आणि अगदी हळू.

तेवढ्यात माणसं उसळली. दोघे भाऊ पुढे धावले, कुणी त्याची टोपी उडवली, कुणी सदरा धरून खाली ओढला. लाथ बसली, बुक्के बसले, त्याच्या नाकातून रक्त आलं. मामा भिंतीकडे पळाला. मीसुद्धा धावले, मांडवाच्या कोपऱ्यातला बांबू हातात आला तो घेऊन धावले. इतके महिने माझे हात शिवशिवत होते. मी बांबू उचलला.

"थांबा!"

मला वाटलंच नव्हतं की त्या तोंडातून एवढा आवाज निघेल.

"माजा अजून संपूक नाय!"

माझा हात वरच राहिला. सगळ्यांचेच हात राहिले. कोर्टात ती अशीच उभी होती आणि तिचं संपायच्या आधीच सगळं संपवलं होतं, आणि आता आम्ही, तिची माणसं, तेच करत होतो. मी बांबू खाली टाकला. भावांनी त्याला सोडलं. तो जमिनीवर बसून नाक धरून राहिला.

आता ती देवाकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती, थेट, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"हेका राग इलो नव्हतो. ह्यान वाट बघल्यान. मी ह्याच्याबरोबर जावचंय नाय."

"व्हय म्हाराजा!" आई ओरडली. बायका गाऱ्हाण्यात बोलत नाहीत, पण आईच्या मागोमाग सगळ्या बायका ओरडल्या, मग पुरुष, वरच्या गॅलरीतली माणसं. बाबांचा आवाज मी त्या गर्दीतही ओळखला.

गावकार वाकले, देवासमोरचा नारळ उचलला आणि त्याच्या हातात नेऊन दिला. "घेवन जा," म्हणाले.

तो उठला. नारळ छातीशी धरून, नाकातलं रक्त पांढऱ्या सदऱ्यावर गळत, चौकातून बाहेर गेला. मामा मागून गेला. परत तो आमच्या चाळीत आला नाही.

ताईनं पदर वर केला आणि तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाणी दी गो. घसो सुकलो."